आहेराची वही

पत्रिकेवरची ती ओळ मीच सुचवली होती, हे आधीच कबूल करते. ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.’ पुण्यात हल्ली दर दुसऱ्या पत्रिकेवर ती असते. भावाने आई-आप्पांच्या लग्नाच्या पन्नाशीचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला, मी तो ऑफिसात डबा खाताना वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, खाली ही ओळ जोडली आणि परत पाठवून विसरून गेले.

आई विसरली नाही.

२८ एप्रिलला मी लेकाला घेऊन गावी पोचले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळे, तिथून एसटीने अमळनेर, आणि पुढचे बारा किलोमीटर भावाच्या मोटारसायकलवर आम्ही दोघं आणि तीन बॅगा. सकाळचे साडेआठच वाजले होते, पण ऊन दुपारचं होतं. शेजारच्या काकूंनी ओट्यावरूनच हाक दिली, “कवय उनी व माय?” मी “आत्ताच आले” म्हणाले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. गावात उतरल्यावर पहिला अर्धा तास माझी जीभ पुण्यातच असते. (घरात सगळे अहिराणीच बोलतात. इथे मी आईचं बोलणं मराठीत लिहितेय, त्यात तिची निम्मी धार गेली आहे, इलाज नाही.)

आईने चहा दिला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, “पत्रिका तू लिहिली ना?”

“भावाने लिहिली. मी फक्त तपासली.”

“शेवटची ओळ?”

मी गप्प.

“म्हणजे मी पन्नास वर्षं घातलं ते सगळं बुडालं म्हणायचं.”

एवढं बोलून ती कुरडया उलटायला निघून गेली. मला आधी वाटलं, पैशांबद्दल बोलतेय. वहिनीलाही तसंच वाटलं होतं. ती मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, “ताई, आठ दिवसांपासून हेच चाललंय. पेटीतून वही काढून बसतात.”

ती वही मी लहानपणापासून पाहत आलेय, पण उघडून कधी वाचली नव्हती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, जशी दुकानदारांकडे असते तशी. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. पहिल्या पानावर आजोबांच्या हातचं वळणदार अक्षर: ‘॥ श्री ॥ आहेराची यादी. मिती वैशाख शुद्ध ५, शके १८९७, शुक्रवार, ता. १६-५-७५.’ खाली नावं आणि रकमा. सव्वा रुपया. दोन रुपये. सव्वा रुपया. टॉवेल-टोपी. पितळी लोटा १. लुगडं १. पाच रुपये व उपरणे. सव्वा रुपया. आख्ख्या यादीत सगळ्यात मोठा आकडा अकरा रुपये, तोही ज्यांच्या ट्रॅक्टरमधून वऱ्हाड तापी ओलांडून आईच्या गावी गेलं होतं त्यांचा. ट्रॅक्टर दिला तो दिलाच, वर अकरा रुपये.

आजोबा गेल्यावर वही आईकडे आली. नावापुढे कोरी जागा सोडलेली असते, तिथे आईने परतफेड लिहिली आहे, शाई बदलत बदलत. ‘पोरीच्या लग्नात ५ रु., पातळ.’ ‘नातवाचं जावळ, ११.’ ‘गेले. सुनेला चोळी.’ काही ओळींपुढे तीन-तीन, चार-चार नोंदी आहेत, पानाच्या कडेपर्यंत. आणि एक गोष्ट मला तिसऱ्या पानावर दिसली: ती बरोबरीत कधीच फेडत नाही. सव्वा आला तर दोन. दोन आले तर पाच. म्हणजे पुढच्या वेळी समोरच्याने आणखी वर काहीतरी घालायचं, आणि मग पुन्हा हिने.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजी एवढी का चिडली आहे ते त्याने आपल्या पद्धतीने सोडवायचं ठरवलं. १९७५ साली सोनं तोळ्याला साडेपाचशेच्या आत होतं, एप्रिल २०२५ मध्ये पंच्याण्णव हजारांच्या आसपास. त्या हिशोबाने तेव्हाचा सव्वा रुपया म्हणजे २०२५ चे साधारण सव्वादोनशे, आणि ट्रॅक्टरवाल्यांचे अकरा म्हणजे एकोणीसशेच्या वर. “आजी, तू तर फायद्यात आहेस. लोकांना तू सोन्याच्या भावाने कधीच परत दिलं नाहीस!” अमळनेर तालुक्यातल्या पोरांना हा हिशोब आईच्या दुधातूनच मिळतो. विप्रो १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि ‘तेव्हा आजोबांनी चार शेअर घेतले असते तर’ हे वाक्य इथे ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्या प्रत्येक घरात आहे. आमच्याही. आमच्या आजोबांनी त्या पैशांत म्हैस घेतली होती.

आईने भाच्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हैस दूध द्यायची.”

पन्नाशी कोणत्या दिवशी करायची यावरही फेब्रुवारीपासून वाद चालू होता. आप्पा निवृत्त शिक्षक, त्यांना तिथी हवी. भावाला तारीख हवी, कारण केकवर आणि स्क्रीनवर तारीखच शोभते. तिथी २ मेला येत होती, तारीख अर्थातच १६ मे. मला सुट्टी कोणत्याही एकाच वेळी मिळणार होती. शेवटी निकाल लॉन्सवाल्याने दिला: १६ मेला त्याच्याकडे आधीच दोन लग्नं होती. आप्पांनी मात्र दिनदर्शिका चाळून शोध लावला की ७५ सालचा तो दिवस शुक्रवार होता आणि यंदाची तिथीही शुक्रवारीच, तारीखही शुक्रवारीच. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, मग लेकाला सांगितलं, मग कार्यक्रमात माइकवरून सांगितलं.

२ मेचा फायदा असा की आखाजी सापडली. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजीचा मान मोठा, आणि सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, सालही आखाजीलाच संपतं नि आखाजीलाच नवं धरतं. सकाळी आप्पांनी घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, पितरांची नावं घेतली, आगारी (विस्तवावर नैवेद्य) टाकली. आजोबांचं नाव घेताना दरवर्षीसारखे थांबले. मग दुपारी पुरुष मंडळी निंबाखाली पत्त्यांना बसली. आखाजीच्या पत्त्यांना आमच्याकडे कुणी जुगार म्हणत नाही, पैसे मात्र जातात.

पोळ्या खापरावरच्या होत्या आणि त्या करायला नाशिकहून फुई, म्हणजे आत्या, आली होती. वय सत्त्याहत्तर. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर, आणि फुई दोन्ही हातांवर पोळी घेऊन तिला मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत वाढवत नेते. पीठ इतकं सैल की मी हात लावला तर ते बोटांमधून खाली यायचं. ती पोळी खापरावर टाकते तेव्हा फडकं वाळत घातल्यासारखी टाकते, एकही सुरकुती नाही. मी प्रयत्न केला. माझ्या पहिल्या पोळीचा नकाशा झाला, दुसरी चुलीत गेली. तिसरीपासून फुईने मला फक्त उलटायचं काम दिलं, आणि त्यातही “हळू, हळू, ती काय पराठा आहे?” चालूच होतं. सतरा पोळ्या मी उलटल्या. मोजल्या, कारण भुवया जळायची वेळ आली होती. पोळी, आमरस, रशी, कुरडई, भजी. जेवण झाल्यावर माझा लेक ओट्यावर जमिनीवरच झोपला, त्याच्या हनुवटीवर रस वाळून गेला होता आणि त्याला माशांचंही भान नव्हतं.

त्या दुपारी, भांडी घासून झाल्यावर, मी आईजवळ जाऊन बसले. ती बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, डब्यात भरत होती. मी म्हटलं, “आई, चुकलंच माझं. पण आहेराचं एवढं काय? तुला पैशांची गरज आहे का?”

तिने डबा बंद केला. मग मलाच विचारलं, “उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही काय करायचे?”

काय करायचो? विहिरीवर पोहायचो. कैऱ्या पाडायचो. दोन्ही काकांची पोरं यायची, फुईची यायची, एकूण अकरा जण धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपायचो आणि रात्री पाण्याच्या माठावरून भांडायचो. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की अमळनेरला जायचो, रथ बघायला. माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे अजूनही हेच.

“आणि मी काय करायची?”

ती अकरा जणांचं करायची. डाळी, पापड, शेवया, कुरडया, वर्षाचं तिखट. मला ते ठाऊक होतं, आणि आता आई ते सगळं ऐकवणार असं वाटून मी जरा सावरून बसले. पण तिचा रोख तिकडे नव्हताच.

“मी लग्नांना जायची,” आई म्हणाली. “तुझी आजी शेतात जाऊ द्यायची, बाकी कुठे नाही. माहेरी जायचं म्हटलं तर ‘आत्ता कशाला?’ पण वहीत नाव असलं की तिला नाही म्हणता यायचं नाही. ‘त्यांचा आहेर आहे आपल्याकडे, फेडायला कुणीतरी जायला पाहिजे.’ मग मी जायची. चोपड्याला गेले, शिरपूरला गेले, एकदा सुरतेला गेले. तुझ्या मामाच्या गावाला तर दर मे महिन्यात कुणाचं ना कुणाचं लग्न निघायचं. नसलं तर मी वही बघून काढायची.”

“काढायची म्हणजे?”

“म्हणजे अमक्याच्या पुतणीचं जावळ राहिलंय फेडायचं. असं.”

आणि ती हसली. आईचं हसू मोठं नसतं, नुसते खांदे हलतात.

मला आठवलं. मे महिन्यात ती मधूनच दोन दिवस नसायची. जाताना हिरवं पातळ, पायात चपला, हातात पिशवी, पिशवीत एक ब्लाउजपीस आणि लिफाफा. येताना आमच्यासाठी बुंदीचे लाडू कागदात बांधून आणायची, तेल वर आलेलं असायचं. आम्ही अकरा जण त्या दोन दिवसांत आजीच्या हातचं बेचव खायचो आणि आई कधी येते म्हणून वाट बघायचो. लाडवांसाठी बरं का, तिच्यासाठी नाही. ती कुठे गेली होती हे कुणीच विचारत नसे. आहेर द्यायला गेली होती.

तर मी आणि माझ्या पुण्याच्या शहाणपणाने मिळून तिचा पासपोर्ट रद्द केला होता.

२ मेचा कार्यक्रम जसे असतात तसाच झाला. स्क्रीनवर फोटो फिरत होते. लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यात आप्पांचे डोळे मिटलेले आहेत, तो पाच वेळा आला. माळा घालायची वेळ आली तेव्हा आप्पा म्हणाले, “पुन्हा कशाला? पहिलंच अजून चालू आहे.” टाळ्या. डीजे. केक. केक आईने चाखला आणि वहिनीला विचारलं, “हा आतून ओला का आहे?”

जेवणाचं मात्र आप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. भावाने काउंटरची यादी काढली होती, त्यात चायनीजही होतं. आप्पांनी ती यादी घडी करून खिशात घातली: वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, आणि जिलबी. आचारी पारोळ्याचा. गव्हाच्या जाड दळणात थोडा मका, ओवा, हळद. गोळे वाफवून, कापून, तळून. तीनशे माणसांना खुर्च्या-टेबलं मांडलेली होती, तरी म्हाताऱ्यांनी सतरंजी मागून घेतली आणि भिंतीकडेला बसकण मारली. बट्टी चुरून तिच्यात वरण ओतायचं, वर तूप, आणि हाताने कालवायचं. हे काम टेबलावर होतही नाही.

खरी गंमत स्टेजच्या पायऱ्यांशी झाली. भाऊ तिथे हात जोडून उभा होता. कुणी पाकीट काढलं की “नको, नको, आशीर्वाद द्या.” बहुतेक लोक पत्रिका वाचून आले होते, त्यांनी हात खिशातून तसाच बाहेर काढला. काहींच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, खोटं कशाला बोलू.

मग आईच्या माहेरच्या एक बाई आल्या. आईहून दोन-चार वर्षांनी मोठ्या, नऊवारी, काठी, बरोबर नातू. त्यांनी पदराची गाठ सोडायला घेतली. भावाने हात जोडले. त्यांनी वर बघितलं.

“आहेर काय भीक शे का?”

भाऊ म्हणाला, तसं नाही, आम्ही कुणाकडूनच घेत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पायऱ्यांसमोर बसल्या, गाठ हातात धरून. रांग त्यांना वळसा घालून जायला लागली. नातू लाजून लांब जाऊन उभा राहिला. डीजेवर कसलंसं गाणं चाललं होतं, आणि त्या अशा बसल्या होत्या जशी बँकेत नंबर यायची वाट बघत माणसं बसतात.

आईने वरून पाहिलं. फोटोग्राफर “मॅडम, इकडे बघा” म्हणत असताना ती स्टेजच्या मागच्या बाजूने उतरली. पाण्याचे जार ठेवले होते तिथे दोघी गेल्या. मी मागे गेले, कारण आई साडीत उतरताना धडपडेल अशी भीती होती. ती काही धडपडली नाही. बाईंनी गाठ सोडली, पन्नासची नोट आणि एक रुपया आईच्या हातावर ठेवला. आईने तो कपाळाला लावला. दोघी एकमेकींच्या पाया पडायला एकदम वाकल्या आणि डोकी आपटली.

हे एवढं झालं, आणि पाच मिनिटांत जारांच्या मागे दुसरी रांग लागली. कुणी सांगितलं, कसं कळलं, देव जाणे. पुढे भाऊ हात जोडून “नको, नको” म्हणतोय आणि मागे आईचा काळाबाजार जोरात. सव्वीस जणी आल्या. बायकाच. एकावन्न, एकशे एक, ब्लाउजपीस, एक स्टीलचा डबा, एका पिशवीत घरची तूरडाळ. फुई पहारा देत होती.

रात्री धाब्यावर गाद्या टाकल्या. वारा नव्हता, पण वरचं आभाळ तरी होतं. आईने वही मागवली. मागची अकरा पानं कोरी होती. तिचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत, म्हणून लिहायला माझा लेक बसला, मोबाइलच्या उजेडात. पुण्याच्या इंग्रजी शाळेतला मुलगा, ‘शके’ कसं लिहायचं विचारत होता. मी सांगितलं: वैशाख शुद्ध ५, शके १९४७, शुक्रवार.

आई नावं सांगत गेली. मला वाटलं सव्वीस नावं होतील आणि झोपू. पण ती थांबेना. जे रिकाम्या हातांनी आले त्यांचीही नावं. “काय लिहू पुढे?” लेकाने विचारलं. “हाजर लिही.” हाजर, हाजर, हाजर. तीनशेपैकी किती जण तिच्या लक्षात होते ते मी मोजलं नाही. आप्पा मधूनच “तो नव्हता आला” म्हणायचे आणि आई म्हणायची, “आला होता, तुम्ही बट्टी खात होते.” ट्रॅक्टरवाल्यांचा नातू आला होता, हाजर. भावाच्या नावापुढे ‘केक’ लिहिलं गेलं. फुईपुढे ‘पोळ्या’.

शेवटी लेकाने विचारलं, “आणि आई?”

मी म्हटलं, लॉन्सचा निम्मा खर्च मी दिलाय.

“तो खर्चात,” आई म्हणाली. “आहेरात काय?”

मला काही सुचेना. तिनेच थोडा विचार केला आणि सांगितलं, “लिही. थोरली लेक, पाच दिवस.” मग जरा थांबून, “आणि पुढे जागा सोड. फेडायचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. यात्रेचा रथ यंदाही हुकला. मे महिना पुढे सगळा अवकाळी पावसातच गेला, भावाने भिजलेल्या कुरडयांचा फोटो पाठवला, आणि महिनाअखेरीला तर मोसमी पाऊस मुंबईत येऊनही ठेपला.

दिवाळी झाल्यावर आई पुण्याला आली. एकटी, ट्रॅव्हल्सने, पिशवीत बिबड्या आणि वही. आप्पांना सांगून आली होती की लेकीचा आहेर फेडायला जायचंय, आणि आप्पांना नाही म्हणता आलं नाही. मी तिला तुळशीबाग दाखवली, सारसबाग दाखवली, दुपारी आम्ही दोघी नुसत्या पडून राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी उठून बघते तर तिची पिशवी भरलेली.

“अगं, आजचा दिवस आहे ना अजून?”

“राहू दे,” आई म्हणाली. “एक बाकी ठेव.”